चषक मुंबईचा, हंगाम कुणाचा?

मार्च २०२१मध्ये मुंबई सिटी एफसीने इंडियन सुपर लीग जिंकली. साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळणारी ढालही त्याच हंगामात त्यांच्याकडे आली. हा दुहेरी मान तोवर कुणालाही मिळाला नव्हता. देशातल्या पहिल्या दर्जाच्या लीगचं विजेतेपद मुंबईत पंधरा वर्षांनी आलं होतं. त्याआधी २००५-०६मध्ये महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती.

खाडीपलीकडे उरणमधल्या एका घरात या दोन हंगामांवरून कायम जुंपलेली असते. मामा ओएनजीसीच्या उरण प्रकल्पातून निवृत्त झालेले, तरुणपणी मोऱ्याहून लाँच पकडून कुपरेजला सामने बघायला जाणारे, आता गावच्या क्रीडा मंडळाचे सल्लागार. भाची खारघरला शाळेत क्रीडाशिक्षिका, सुट्टीच्या दिवशी गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवणारी. फुटबॉलवर जीव दोघांचा सारखाच; एकमत मात्र ऑफसाइडच्या नियमापुरतं.

मामा : तू त्या हंगामाचं एवढं कौतुक करतेस, तर सांग, मुंबईचा संघ मुंबईत किती सामने खेळला?

भाची : एकही नाही. करोनाचं वर्ष होतं ते. अकराच्या अकरा संघ गोव्यात नेऊन ठेवले होते. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, एवढ्या तीन ठिकाणी सगळी लीग आटोपली. खेळाडू हॉटेलातून मैदानात आणि मैदानातून हॉटेलात. प्रेक्षक नाहीत.

मामा : म्हणजे मैदान गोव्याचं, प्रशिक्षक स्पेनचा, पैसा अबू धाबीचा आणि आरडाओरडा टीव्हीवाल्यांनी रेकॉर्ड करून सोडलेला. यात मुंबईचं काय होतं? अंगातला शर्ट?

भाची : खेळ होता, मामा. तू तो बघितलाच नाहीस. पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्टकडून एक-शून्यने हरले, मधल्या फळीतला जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर. त्यानंतर ओळीने बारा सामने हार नाही. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आधी एफसी गोवात होता आणि येताना त्याने फॉल, जाहू, बूमूस, मंदार राव देसाई ही तिथली भरवशाची माणसं आणली होती. चेंडू गोलरक्षकापासून पायापायाने पुढे न्यायचा, घाबरून उंच मारून टाकायचा नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. आपल्याकडच्या संघाला असं खेळताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मामा : आणि फेब्रुवारीत गाडी घसरली, तेही सांग.

भाची : घसरली ना. बंगळूरूकडून चार खाल्ले, जमशेदपूरकडूनही हरले. म्हणूनच शेवटचा सामना रंगला. २८ फेब्रुवारी, बांबोळी. एटीके मोहन बागान तीन गुणांनी पुढे, त्यांना बरोबरी पुरेशी. मुंबईला जिंकणंच भाग. सातव्या मिनिटाला जाहूची फ्री किक आली आणि सेनेगलच्या मुर्तदा फॉलने सगळ्यांच्या वर जाऊन डोकं लावलं. मध्यंतराआधी हर्नानची फ्री किक आडव्या दांड्यावर आपटून परत आली, ती ओगबेचेने आत ढकलली. दोन-शून्य. दोघांचे वीस सामन्यांत चाळीस-चाळीस गुण झाले, दोघांचे विजय बारा-बारा. मग एकमेकांविरुद्ध काय झालं ते बघायचं. तिथे दोन्ही सामने मुंबईचे. ढाल मिळाली आणि तिच्यासोबत आशियाई चॅम्पियन्स लीगचं तिकीट. वीस सामन्यांच्या हिशेबात इतकी अटीतटी तुझ्या काळात कधी झाली?

मामा : हिशेब चोख आहे. पण फायनलमधला एक प्रसंग मी पाहिलाय आणि तो डोक्यातून जात नाही. १३ मार्च, फातोर्डा, समोर पुन्हा बागान. उजव्या बाजूचा बचावपटू अमेय रानवडे, मुंबईचा पोरगा. एक-एक बरोबरी, मध्यंतर होता होता टक्कर झाली आणि तो जागच्या जागी निपचित. इतर खेळाडू हातवारे करून डॉक्टरांना बोलावतायत. स्ट्रेचर आलं, ॲम्ब्युलन्स आली, त्याला घेऊन गेली. एरवी अशा वेळी भरलेलं मैदान उभं राहतं, नाव घेऊन ओरडतं. तिथे काय होतं? रिकाम्या खुर्च्या.

भाची : तो बरा झाला. पुढच्या हंगामात पुन्हा खेळला.

मामा : बरा झाला हे देवाचे उपकार. माझं म्हणणं वेगळं आहे. नव्वदाव्या मिनिटाला बागानच्या गोलरक्षकाची चूक झाली, ओगबेचेने चेंडू हिसकावला, बिपिन सिंगने गोल केला, दोन-एक, चषक मुंबईचा. गुणतक्त्यात सगळं नोंदलं गेलं. पण कुर्ल्यात, परळला, इथे उरणला कुणाच्या घरात दिवा जास्तीचा लागला? शहरानेच जो हंगाम पाहिला नाही, तो शहराचा कसा म्हणायचा?

भाची : मग तुझा २००५-०६चा हंगाम शहराने पाहिला होता?

मामा : मी पाहिला होता! कुपरेजवर. बागानचा बरेटो तेव्हा महिंद्रात, जोडीला घानाचा युसुफ याकुबू, बाकावर प्रशिक्षक डेरिक परेरा. भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, बस पकडायची, सामना बघायचा आणि शेवटची लाँच चुकू नये म्हणून शिट्टी वाजायच्या आधी गेटाकडे सरकायचं. रेषेपासून पाच पावलांवर बसायचो. याकुबू बचावपटूला खांदा मारतो त्याचा आवाज ऐकू यायचा.

भाची : आवाज ऐकू यायचा, कारण आजूबाजूला गर्दीच नसायची. खरं बोल. रोव्हर्स कपच्या दिवसांत कुपरेजला झुंबड उडायची हे मी आजोबांकडून ऐकलंय. पण रोव्हर्स १८९१ला सुरू झाला आणि नव्या शतकाच्या तोंडावर बंद पडला. तुझ्या महिंद्राला किती लोक यायचे?

मामा : थोडे यायचे. पण जे यायचे ते दर्दी.

भाची : आणि त्या दर्दींचं काय झालं? देशाचं विजेतेपद मिळवल्यावर चार वर्षांत, २०१०मध्ये, कंपनीने संघ बंद केला. आम्ही आता शालेय फुटबॉलकडे लक्ष देणार, असं सांगितलं आणि झालं. एका निर्णयासरशी विजेता संघ संपला. दर्दींना कुणी विचारलं?

मामा : नाही विचारलं. तो घाव मी मान्य करतो. पण कंपन्यांच्या संघांनी एक गोष्ट दिली, ती तुझ्या लीगला जमलेली नाही. नोकरी. मफतलाल, ओर्के, टाटा, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे, आमची ओएनजीसी. पोरगा विशीत संघात आला की खेळाच्या जोरावर कामाला लागायचा. तिशीत गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची आणि पगार शाबूत. आपल्या गावातला बाप पोराला फुटबॉल खेळू देईल तो कशाच्या भरवशावर? कराराच्या?

भाची : हा मुद्दा खोडता येत नाही, आणि तो मला रोज भेटतो. माझ्याकडच्या मुलींच्या आया हेच विचारतात, पुढे काय? पण नोकरी देणं हे काम कंपनीचं, क्लबचं काम त्याहून जास्त. २०१२-१३चा आय-लीग हंगाम आठव. चौदा संघ, त्यातले चार महाराष्ट्राचे. पुणे एफसी, मुंबई एफसी, एअर इंडिया आणि तुझी ओएनजीसी.

मामा : आठवतो तर! पुणे दुसरे आले होते. चर्चिल ब्रदर्स पहिले. पुण्याचा प्रशिक्षक कोण? आपला डेरिक परेराच. आणि ओएनजीसी लीगमध्ये म्हटल्यावर इथल्या कॅन्टीनमध्ये सोमवारी सकाळी चर्चा फक्त त्याचीच.

भाची : त्याच हंगामानंतर ओएनजीसी आणि एअर इंडिया बाहेर गेले. खेळून नाही, आशियाई महासंघाच्या क्लब परवान्याच्या अटींवर. लहान वयोगटांचे संघ, मैदान, पात्रताधारक प्रशिक्षक, पूर्णवेळ कारभारी, हिशेब अशी ती यादी. तुझा संघ म्हणजे एका खात्याने निवडलेले पंचवीस नोकरदार. तेरा वर्षांच्या पोराला त्यात शिरायला दार नव्हतं. आणि मुलींना तर खिडकीही नव्हती.

मामा : परवान्याच्या कागदावर बाहेर काढलेत. बरं. मग कागदावर पास झालेले क्लब कुठे आहेत? मी मोजतो, तू ऐक. पुणे एफसी, २०१५च्या सुमारास गाशा गुंडाळला. भारत एफसी, एक हंगाम. डीएसके शिवाजियन्स, दोन हंगाम. मुंबई एफसी, २०१७ला आय-लीगमधून उतरली आणि दिसेनाशी झाली. एफसी पुणे सिटी, २०१९ला बंद. जागा हैदराबादला गेली. एवढ्या मोठ्या राज्याचा पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये आज एक संघ उरलाय. यात तुझी प्रगती कुठे दिसते?

भाची : दिसत नाही. पण ही यादी माझ्या बाजूची नाही तशी तुझ्याही बाजूची नाही, मामा. महिंद्रा असो की पुणे सिटी, सगळे एकाच कारणाने गेले. मालकाला वाटलं तोवर संघ. कंपनीचा अध्यक्ष बदलतो, बांधकाम धंद्याला उतरती कळा लागते, सिनेमावाल्याचा उत्साह ओसरतो. खाली धरून ठेवणारं काही नसतं.

मामा : आता कशी मुद्द्यावर आलीस! कबड्डी बघ. प्रो कबड्डी आणि तुझी सुपर लीग, दोन्ही २०१४च्या. एक जुलैत, एक ऑक्टोबरात. दोन्हीकडे नट, दोन्हीकडे दिवे आणि टीव्ही. पण प्रो कबड्डी उद्या बंद पडली तर रायगडातली कबड्डी थांबेल का? अलिबाग, पेण, रोहा, उरण, गावागणिक मंडळ आहे. देवळासमोरच्या मातीवर पोरं संध्याकाळी दम घुमवतायत. लीग त्याच्यावर उभी राहिली. फुटबॉलमध्ये तुम्ही आधी कळस आणला आणि मग देऊळ कुठे बांधायचं ते शोधताय.

भाची : पण नुसती मंडळं असून पुरतं का? कोल्हापूर घे. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या सामन्याला हजारोंनी लोक येतात, हलगी वाजते, कधी कधी पोलीसही बोलवावे लागतात. तुला हवं ते सगळं आहे तिथे. माती आहे, लोक आहेत, आणि मालकाच्या लहरीवर बंद पडत नाही. तरीही तिथला एकही संघ देशाच्या पहिल्या लीगमध्ये नाही. अनिकेत जाधव २०१७चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला; तो कोल्हापूर सोडून पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला म्हणून. पेठेतून राष्ट्रीय लीगपर्यंत जायला पायऱ्याच नाहीत. माझं भांडण त्या पायऱ्यांसाठी आहे.

मामा : पायऱ्या वरच्यांनी बांधायला नकोत? तुझी लीग कित्येक वर्षं दार लावून बसली होती. खालून कुणी वर यायचं नाही, वरून कुणी खाली जायचं नाही. तळाला राहिलात तरी पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

भाची : अर्धं दार उघडलं. आय-लीग जिंकणाऱ्याला वर जागा मिळू लागली. २०२३ला पंजाब आलं, २०२४ला मोहम्मेडन. खाली मात्र तेव्हा कुणी गेलं नाही. ते झाल्याशिवाय तळाच्या सामन्यांना अर्थ नाही, यात मी तुझ्यासोबत आहे. पण परदेशी खेळाडूंवरून टोमणा मारायचा असेल तर आकडे बघून मार. २०२०-२१च्या हंगामात मैदानात पाच परदेशी चालायचे, पुढच्या हंगामापासून चारच. आणि चॅम्पियन्स लीगच्या ज्या तिकिटासाठी बांबोळीत एवढी अटीतटी झाली, त्याचं काय झालं माहितीये ना? एप्रिल २०२२, रियाध. इराकच्या एअर फोर्स क्लबला दोन-एक हरवलं. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब. विजयी गोल कुणाचा?

मामा : राहुल भेकेचा. मुंबईचा पोरगा. आणि तो कुठे घडला? मुंबई एफसीत! खालिद जमीलच्या हाताखाली. जो खालिद महिंद्रा आणि एअर इंडियात खेळला, ऐजॉलसारख्या छोट्या शहराच्या संघाला २०१६-१७ची आय-लीग जिंकून दिली आणि आता भारताचा प्रशिक्षक आहे. तुझ्या रियाधच्या गोलाचं मूळ माझ्या कुपरेजच्या चिखलात आहे, पोरी.

भाची : असू दे की. मी कुठे नाकारतेय? पण तो चिखल आज कुठे आहे? भेकेनंतर पुढचा भेके कुठून येणार?

मामा : हेच मी लीगवाल्यांना विचारतो. आणि ते कशात गुंतलेत? २०१०ला भारतीय फुटबॉल महासंघाने पंधरा वर्षांचा करार करून सगळे व्यावसायिक हक्क एका कंपनीच्या हाती दिले. मुदत संपत आली, जुलै २०२५मध्ये लीग थांबली. निविदा काढली, नोव्हेंबरात एकही बोली आली नाही. डिसेंबरात तुझ्या मुंबई सिटीतून तो अबू धाबीवाला सिटी ग्रुप बाहेर पडला. शेवटी जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी तारीख सांगितली, १४ फेब्रुवारी. चौदा संघ, एकेरी फेरी, ९१ सामने. देशाची पहिल्या दर्जाची लीग होणार की नाही हे मंत्र्याने जाहीर करावं लागतं! आमच्या मंडळाचे कबड्डीचे सामने कधी कुणाच्या निविदेवाचून अडले नाहीत.

भाची : त्या सात महिन्यांत खेळाडूंचे पगार थांबले, क्लबांनी सराव बंद केला. तू म्हणतोस ती नोकरी तेव्हा हवी होती, हे मला पटलं. पण एक तूही कबूल कर. त्या लीगमुळेच माझ्यासारखी मुलगी प्रशिक्षक व्हायचं मनात आणू शकली. २०१४ला नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर मुंबईने पुण्याला पाच-शून्य हरवलं, मोरिट्झने लीगमधली पहिली हॅट्ट्रिक केली. तो सामना मी शाळेच्या मैत्रिणींसोबत पाहिला. नेरूळ आपल्याला जवळ होतं. पुढे संघ अंधेरीला गेला.

मामा : साडेसातला सामना सुरू, साडेनऊला संपणार, मग अंधेरीहून नेरूळ आणि तिथून उरणची गाडी. आता रेल्वे आली म्हणून निदान विचार तरी करता येतो. आमच्या वेळी लाँच गेली की गेली.

भाची : २०१७ला शाळाशाळांत फुटबॉल वाटले होते, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या निमित्ताने. एका दिवशी राज्यभर दहा लाख मुलांनी खेळायचं ठरलं होतं. त्यातले आमच्या शाळेचे दोन चेंडू अजून हवा धरतात. चेंडू आहेत, मुली आहेत. मैदान नाही. खारघरला सिडकोने फुटबॉलचं उत्तम केंद्र उभारलंय, पण आपल्या गावातल्या मुलींनी रोज तिथे जायचं कसं? आणि गावच्या मैदानावर दिवाळी झाली की टेनिस क्रिकेटचे सामने. मे महिना उजाडेपर्यंत आज या आळीचा चषक, उद्या त्या आळीचा.

मामा : पावसाळ्यात रिकामं असतं. मुंबईचा जुना फुटबॉल पावसाळीच होता. हारवूड लीग भर पावसात चालायची. क्रिकेट घरात बसायचं, मैदान फुटबॉलला मिळायचं. राष्ट्रीय लीग हिवाळ्यात गेली आणि फुटबॉल नेमका क्रिकेटच्या तोंडी जाऊन उभा राहिला.

भाची : मग दे ना पावसाळ्यात. मंडळाचा सल्लागार तूच आहेस. जून ते सप्टेंबर, आठवड्यातून तीन संध्याकाळी.

मामा : मैदानाचा चिखल झाला की कबड्डीची पोरं ओरडतील. त्यांना गणपतीनंतर लगेच सराव लागतो.

भाची : अर्धंच दे. समुद्राकडचं. कबड्डीचं मैदान देवळाकडे आहे, तिथे कुणी पाय ठेवणार नाही.

मामा : दोन संध्याकाळी. आणि मंडळाचे मुलगेही खेळतील.

भाची : खेळू देत. पण पाच ते सहा मुलींचं, मुलगे सहानंतर. आणि तिसरी संध्याकाळ रविवारची.

मामा : रविवारी मंडळाची बैठक असते.

भाची : बैठक देवळात असते, मैदानात नाही.

मामा : तुला वकील करायला हवी होती. ठीक आहे, विषय मांडतो. पण एक अट. त्या पोरींना पहिल्या दिवशी मुंबई सिटीचा नव्हे, महिंद्राचा सामना दाखवायचा.

भाची : दोन्ही दाखवू. आणि ठराव लिहिताना मुलींच्या फुटबॉलसाठी असं स्पष्ट लिही, नुसतं फुटबॉलसाठी नको. नाहीतर ऑगस्टपर्यंत ते मैदान मुलग्यांचं झालेलं असेल.